तिसरा रकाना

तर कॉफीच्या दुकानातली ती मुलगी पेन उचलून उभी, मागं आठ-दहा माणसांची रांग, आणि रत्ना तिला सावकाश नाव सांगतेय, रत्ना धर्मराज खोब्रागडे. काल इथंच चहा आला आणि गोष्ट तुटली. पुढची गंमत अशी, की त्या मुलीनं कागदी ग्लासावर नुसता एक ‘आर’ काढला आणि ग्लास पुढं सरकवला. रत्नानं तो परत केला. रागानं नव्हे, हसतच. पूर्ण लिही बाळा, जागा भरपूर आहे, म्हणाली. मुलगीही भली. ग्लास फिरवत फिरवत तिनं सगळं लिहिलं, आणि आडनावाचं शेवटचं अक्षर जाऊन पहिल्या अक्षराला टेकलं. धर्मराज, म्हणजे रत्नाचा नवरा, तोवर बाहेर गाडीत जाऊन बसला होता. ही बाई कोण ते आपल्याला ठाऊकच नाही, असा चेहरा करून.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या मराठी मंडळीत हे सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन बाबासाहेबांची जयंती करतात, तिथं जेवणाच्या यादीवर बाकीचे लिहितात ‘इला, पुलाव’, ‘देव, पेपर प्लेट’. रत्ना दोन ओळी अडवते. अंकुर नावाचा एक वाह्यात पोरगा आहे पुण्याचा, तो नव्या आलेल्यांना बजावतो, की रत्ना मावशीला नाव विचारू नका यार, पार्किंगचं मीटर संपेल. आणि धर्मराज मोटारींच्या ब्रेकचा इंजिनियर. तेव्हा रत्नाचं उत्तर ठरलेलं, की आमच्या घरात बोलायचं खातं माझं आणि थांबवायचं यांचं.

हे खूळ आलं भंडारा जिल्ह्यातून, पवनीजवळच्या एका खेड्यातून. रत्नाची आजी भागरता. देशात पहिली निवडणूक व्हायची होती तेव्हा मतदारांची नावं लिहायला कारकून दारात आला. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं म्हणून आजीनं पदर ओढून सांगितलं, दवलतची बायको. त्यानं तसंच लिहिलं. पुढं वरून हुकूम आला, की अमक्याची बायको आणि तमक्याची आई असल्या नोंदी खोडा. देशभरात लाखो बायकांची नावं अशी खोडली गेली, त्यात आजीही गेली. मतदानाच्या दिवशी नवं लुगडं नेसून ती शाळेत गेली आणि यादी बघून तिला परत पाठवलं. म्हातारी मरेपर्यंत नातीला सांगायची, नाव गिळलं अन् मत गेलं. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली शाळेचा दाखला टांगलेला असायचा, त्यावर रत्नाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. पाहुणा आला की आजी त्याला तो वाचायला लावायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

तर अशा घरची ही मुलगी. दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात तिला दिल्लीच्या एका कंत्राटी कंपनीनं अफगाणिस्तानात पाठवलं, उत्तरेला, मजार शहरात. तिकडं त्या वर्षी निवडणूक होती. बायकांच्या मतदान केंद्रांवर बायकाच बसणार, त्यांना शिकवायचं आणि त्यांची यादी कॉम्प्युटरवर करायची, असं काम. धर्मराज नोव्हायला येऊन वर्ष झालं होतं. त्यानं फोनवरून ब्रेक दाबून पाहिला, पण लागला नाही.

त्या पाच महिन्यांबद्दल रत्ना सांगायला लागली की वेळ कुठं जातो कळत नाही. बायका टीव्हीवरच्या मालिका बघून हिंदी शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की तुमच्याकडं सासवा झोपताना पण दागिने घालतात का. रत्ना म्हणाली, माझी सासू शिक्षिका आहे, ती झोपताना फक्त चष्मा काढते. मग जमलं.

जमलं नाही ते नावांचं. तिकडं बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. लग्नाच्या पत्रिकेवरही पुष्कळदा नवरीचं नाव नसतं. फॉर्मवर कुणी लिहिलं अमक्याची आई, कुणी अमक्याची मुलगी. रत्नानं सगळे फॉर्म गोळा करून बाजूला ठेवले, खुर्चीवर बसली आणि भागरता आजीची गोष्ट सांगितली. मग तिनं फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, तीन शब्दांत, आणि म्हणाली, असं लिहा.

आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव. तीन रकाने. महाराष्ट्रात कुठल्याही शाळेच्या हजेरीत असतात तसे. फॉर्म तिनंच बनवला होता, आणि तिसरा रकाना मोकळा ठेवला तर मशीन पुढं सरकायचं नाही, हेही तिनंच करून ठेवलं होतं. आता या बायकांना बहुतेकींना आडनावच नव्हतं. तिथं ओळखपत्रावर बापाचं आणि आजोबाचं नाव लागतं. रत्नाच्या फॉर्मवर ते मावेना. ती म्हणाली, सोपं आहे, आमच्याकडं पूर्वज ज्या गावचे त्या गावावरून आडनाव पडतं, तुम्ही तुमचं मूळ गाव लिहा. बायकांना तो खेळच वाटला. आज्यांना, चुलत्यांना फोन लावले, की आपण मुळात कुठले. दुष्काळात, लढाईत, दोन-दोन पिढ्यांमागं सोडलेली गावं वर आली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आडनावं मिळाली आणि त्या नव्या नावांनी एकमेकींना हाका मारत घरी गेल्या.

त्यात दोन बहिणी होत्या, जरमीना आणि पलवशा. वडील अब्दुल हकीम, त्यांच्या गल्लीतल्या मशिदीचे मुल्ला. ते स्वतः मुलींना घेऊन आले, दारात जोडे काढून उभे राहिले आणि म्हणाले, मत द्यायचं काम चोरीचं नाही, नावं पूर्ण लिहा. मूळ गाव त्यांनीच सांगितलं. शिनकोट. रत्नाला आनंद झाला, आमच्याकडंही अक्कलकोट आहे म्हणाली. जरमीना अब्दुल हकीम शिनकोट. पलवशा अब्दुल हकीम शिनकोट. यादीतले नंबर तीनशे चोवीस आणि तीनशे पंचवीस. एकूण चारशे बारा नावं, सगळी रत्नानं आपल्या हातानं टाइप केली. यादी गेली मजारच्या कचेरीत, एक प्रत राहिली तिच्या लॅपटॉपमध्ये. निवडणूक झाली आणि ती नोव्हायला नवऱ्याकडं आली.

मग दोन हजार एकवीसचा ऑगस्ट. इकडं मक्याची कणसं भाजत मागच्या अंगणात पाहुणे बसले होते आणि घरात टीव्हीवर काबूल पडलं. मजार एक दिवस आधीच गेलं होतं. रत्नानं दिल्लीला फोन लावला, मेल केले, की मजारच्या कचेरीतलं मशीन कुठं आहे, यादी कुणाकडं आहे. पहिल्या मेलला उत्तर आलं, की चौकशी करतो. दुसऱ्याला आलं नाही. तिनं आपल्या लॅपटॉपमधली प्रत उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचली आणि कायमची पुसून टाकली. निदान माझ्याकडून तरी कुणाला मिळायला नको, एवढाच विचार. थोड्याच महिन्यांत नव्या राज्यकर्त्यांनी निवडणुकीचं खातंच बंद करून टाकलं. निवडणूकच नाही तर खातं कशाला.

यादी पुसली, पण टाइप करताना ती बोटांतून डोक्यात गेली होती, ती कशी पुसणार? भाकरी थापताना रत्नाचे ओठ हलायला लागले. मुलगी रोशनी, सोळा वर्षांची, तिला आधी वाटलं आई वंदना म्हणतेय. जवळ जाऊन ऐकलं तर परकी नावं. “मॉम, हू आर दीज पीपल?” रत्ना म्हणाली, माझ्या विद्यार्थिनी. रोशनीनं पुन्हा विचारलं नाही, पण स्वयंपाकघरात यायचं कमी केलं.

बाहेर तर आणखी वाईट. हायवेवर गावांच्या हिरव्या पाट्या येतात. लिव्होनिया, फार्मिंग्टन. रत्नाला त्या गावांच्या पाट्या वाटेनात. प्रत्येक पाटीच्या आधी दोन शब्द राहून गेलेत, आपल्याला ते ठाऊक आहेत आणि आठवायलाच हवेत, असं वाटायचं. एकदा ती त्या नादात चार एक्झिट पुढं गेली आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसून राहिली. भाजीच्या दुकानात पाठमोरी कुणी रुमाल बांधलेली बाई दिसली की ही टोपली ठेवून दुसऱ्या रांगेत जायची. ती बाई लेबनॉनची असेल, बंगाली असेल, इथंच जन्मलेली असेल. रत्नाला वाटायचं, ती वळेल आणि आपला नंबर सांगेल.

कॉफीच्या दुकानातलं ते प्रकरण या सगळ्याच्या आधीचं, बरं का. नंतर ती तिथं गेली की नुसतं ‘आर’ सांगायची. धर्मराज आत येऊन शेजारी उभा राहायला लागला तो तेव्हापासून.

आता वर्षभर झालं असेल, एका दुपारी फोन आला. प्रीता म्हणून एक वकील मुलगी, इकडंच पार्सिपनीला वाढलेली, आता डेट्रॉइटला निर्वासितांच्या केसेस चालवते. मराठी तिचं पिठल्यासारखं, मध्ये मध्ये गुठळ्या. “मावशी, तुमचा एक फोटो माझ्या हातात आहे,” ती म्हणाली. मजारचा वर्ग, निळा रुमाल बांधलेली रत्ना, आणि मागं फळ्यावर इंग्रजी अक्षरांत तीन शब्दांत तिचं नाव. जगात या नावाची एकच बाई निघाली. दहा मिनिटांत सापडलात, असं प्रीता कौतुकानं म्हणाली. रत्नानं फोन दुसऱ्या हातात घेतला.

फोटो होता जरमीनाकडं. ती इराण, मग ब्राझील, मग बसनं, पायी, अशी मजल दरमजल करत मेक्सिकोच्या सीमेवरून आत आली होती आणि आता एका बेकरीत पाव भरायचं काम करत होती. आसरा मागायचा अर्ज टाकला होता. निवडणुकीत काम केल्याचा पुरावा कोर्ट मागत होतं, आणि दाखला देणारं खातं जगात उरलं नव्हतं. तेव्हा रत्ना मॅडमनी शपथेवर सांगावं, की हो, ही माझ्या वर्गात होती. एवढंच.

रत्ना गेली. प्रीताच्या ऑफिसात जरमीना धावत येऊन गळ्यात पडली. मॅडम, तुम्ही जाड झालात, ही तिची पहिली हिंदी. दोघी हसल्या. मग ती खाली बसून सांगायला लागली, आणि तिनं जे सांगितलं ते असं.

मजार पडलं त्याच पानगळीत चार माणसं दारात आली. एकाच्या हातात कागद. त्यानं वाचलं, जरमीना, अब्दुल हकीम, शिनकोट. पलवशा, अब्दुल हकीम, शिनकोट. मजारमध्ये जरमीना पुष्कळ आहेत, अब्दुल हकीमही पुष्कळ आहेत. पण शिनकोटहून आलेली घरं सगळी एकाच गल्लीत. माणसं सरळ त्या गल्लीत आली. जरमीना त्या दिवशी आत्याकडं होती. पलवशाला चार प्रश्न विचारायचे आहेत म्हणून घेऊन गेले. वडील मागून गेले तर त्यांना चौकीच्या दारात बसवून ठेवलं, आणि सूर्य मावळल्यावर घरी जा म्हणाले. त्यानंतर पलवशाची काही खबर नाही. वडील वर्षभरात वारले.

आणि जरमीना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. शिनकोट हे नाव आम्हांला कुणी लावत नाही. आजोबांनी ते गाव सोडलं, कुठल्या कागदावर ते नाही. वर्गात लिहिलं तो तर त्या दिवसाचा खेळ, तो कुठं पोचणार. ते बाहेर कुणी सांगितलं? घरातल्या माणसानंच. म्हणजे चुलतभाऊ यूसुफ. त्याचा वडिलांशी विहिरीवरून वाद होता. त्यानंच सांगितलं. सगळ्या घरानं त्याच्याशी बोलणं तोडलं, तो वडिलांच्या मयताला आला तर त्याला खांदा देऊ दिला नाही. हे तिनं अर्जातही लिहून दिलं होतं.

रत्नाच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला नाही आणि प्यायलाही नाही.

आता यात पेच काय होता तो प्रीतानं नंतर समजावला. सरकारी वकील जरमीनाचाच कागद धरून बसला होता. तो म्हणत होता, तुमच्याच म्हणण्याप्रमाणं हे भाऊबंदकीचं भांडण आहे. विहिरीच्या वादातून कुणी चुगली केली, राजकारणाचा संबंध नाही. आणि खाजगी भांडणासाठी आसरा मिळत नाही. मावशी, हा एक धागा जोडला गेला नाही तर तिला परत पाठवतील, प्रीता म्हणाली. धागा कुठं होता ते त्या खोलीत एकट्या रत्नाला ठाऊक होतं. ती घरी आली.

धर्मराजला सांगितलं ते तीन आठवड्यांनी, गराजमध्ये, तो बर्फाचं फावडं धुऊन ठेवत असताना. तो माणूस दुष्ट नाही, भित्रा आहे, आणि त्याला कारण आहे. ग्रीन कार्डचा अर्ज कित्येक वर्षं रांगेत. कंपनीचा डेटा मी पुसला असं तू शपथेवर बोललीस आणि कुणी तिरका प्रश्न काढला तर? वर्गात होती एवढं सांग आणि ये, खोटं थोडीच आहे ते. मग फावडं भिंतीला लावून तो हळू आवाजात म्हणाला, “अन् त्या पोरीला काय वाटल, रत्ने? तुझ्या गळ्यात पडते ती. तिला या देशात दुसरं आहे कोण?”

अडवणारं खरं कारण हे दुसरंच होतं. पहिल्याची रत्नाला भीती वाटत नव्हती.

मार्चमध्ये तारीख लागली. साक्ष कुठल्या भाषेत देणार असं विचारलं तेव्हा रत्नानं मराठी सांगितलं. धर्मराजनं कपाळाला हात लावला, की इन्शुरन्सवाल्यांशी तास तासभर इंग्रजीत भांडणारी बाई, आज दुभाषा मागतेय. ती म्हणाली, भांडायला इंग्रजी ठीक आहे. तर कोर्टानं फोनवर एक मराठी दुभाषा दिला, कुठला होता कोण जाणे, आवाज वयस्कर आणि फार सभ्य. जरमीनाच्या शेजारी पश्तोची दुभाषी बाई बसली होती. म्हणजे रत्नाचं वाक्य आधी मराठीतून इंग्रजीत जायचं, मग इंग्रजीतून पश्तोत, आणि मग जरमीनाच्या कानाशी पोचायचं. रत्ना बोलली की मध्ये एवढा वेळ जरमीनाचा चेहरा तसाच असायचा, विश्वासानं वर बघणारा. मग तो हलायचा.

पहिले प्रश्न सोपे गेले. वर्ग, फोटो, फळा. मग सरकारी वकील उठला. तरुण माणूस, सर्दी झालेला, दर वाक्याला माफी मागणारा. त्यानं विचारलं, शिनकोट हे नाव कुठल्या सरकारी कागदावर असतं का? अफगाण ओळखपत्रावर? नाही, असं दुभाष्यामार्फत उत्तर गेलं. म्हणजे ते घरच्या माणसालाच माहीत असणार? उत्तराची त्यानं वाट पाहिली नाही. वकील माफी मागून खाली बसला, त्याचं काम झालं होतं. प्रीता कागद चाळत होती, पण तिच्याकडं विचारण्यासारखं काही नव्हतं.

रत्नाच्या डोळ्यांसमोर त्या वेळी पलवशा नव्हती आली, हे तिनंच पुढं सांगितलं. आला होता यूसुफ, ज्याला तिनं कधी पाहिलंच नाही. काकाच्या मयताला आलेला आणि मागं ढकललेला माणूस. त्याच्या जागी आपण उभं राहायला हवं होतं, असं तिला दिसलं.

न्यायाधीश बाई होत्या, साठीच्या. त्यांनी चष्मा काढला, जाऊ देण्याआधी एक शेवटचं विचारते म्हणाल्या. त्या चार माणसांनी जसं वाचलं, आधी मुलीचं नाव, मग बापाचं, मग ते गाव, अशी नोंद जगात कुठं होती का, आणि असली तर ती कुणी केली, तुम्हांला माहीत आहे? फोनमधल्या सभ्य आवाजानं ते सगळं मराठीत सांगितलं. जरमीना रत्नाकडं बघत होती. मागच्या बाकावर धर्मराजनं मान खाली घातली, पण त्यानं खोकून किंवा हलून काही खूण केली नाही.

रत्ना न्यायाधीशांकडं बघून बोलली नाही. ती जरमीनाकडं वळली, आणि जे शब्द अजून दोन भाषांमधून जायचे होते ते तिनं तिलाच सांगितले:

“यूसुफनं काही केलं नाही. ती यादी माझी. गावाचा रकाना तुमच्या कागदावर नव्हता, तो मी काढला, आणि मोकळा सोडू दिला नाही. तुझ्या वडिलांनी शिनकोट म्हटलं अन् पलवशाच्या नावापुढं ते मी माझ्या हातानं टाइप केलं.”